‘हे बघा, अगदी साधं पाकीट आहे’

पत्र आलं आहे साताऱ्याहून. लिहिणारा चोवीस वर्षांचा आहे, नोकरी करतो आणि दीड वर्षापासून पत्त्यांची जादू शिकतो आहे. पत्र मोठं होतं, त्यातला गाभा इथे देते:

“ताई, पैसे साठवून मी पत्त्याच्या प्रयोगाचं खास पाकीट मागवलं. मावसबहिणीच्या साखरपुड्यात जेवणं झाल्यावर सगळ्यांनी आग्रह केला म्हणून उभा राहिलो. पत्ता ओळखायचे दोन प्रयोग झाले. मग नवऱ्या मुलाच्या भावानं बदाम सत्तीवर सही केली, पत्ता कॅटमधून नाहीसा झाला. मी खिशातून पाकीट काढलं, ‘हे बघा, अगदी साधं पाकीट आहे’ असं म्हणून सगळ्यांना दाखवलं आणि चेनच्या कप्प्यातून सहीचा पत्ता काढला. टाळ्या पडल्या. तेवढ्यात मावसभावानं ‘बघू, बघू’ म्हणत पाकीट हातातून ओढून घेतलं, उलटंसुलटं केलं आणि आतली युक्ती सगळ्यांना दाखवली. आतलं अस्तरही थोडं उसवलं. मी गप्प खाली बसलो. घरी येताना बाबा म्हणाले, ‘चार लोकांत फसवाफसवी करून काय मिळवलंस?’ खऱ्या जादूगाराला असलं पाकीट लागत नाही ना? विकून टाकू का? आणखी एक. ते पहिले दोन प्रयोग झाल्यावर, पाकीट काढण्याआधी, आमच्या शेजारच्या काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं की त्यांची मोहनमाळ दोन महिन्यांपासून सापडत नाही, ती कुठे आहे ते मला ‘दिसेल’ का. मी नुसता हसलो आणि ‘बघू’ म्हणालो.”

प्रिय निखिल (नाव अर्थातच बदललं आहे),

पाकीट विकू नकोस. काकूंच्या मोहनमाळेबद्दल मला तुझ्याशी जरा कडक बोलायचं आहे, पण ते शेवटी. आधी पाकीट.

खऱ्या जादूगाराला असलं पाकीट लागत नाही, हे तुझ्या डोक्यात कुणी भरवलं ते मला माहीत नाही, पण ते काढून टाक. फ्रेड कॅप्स नावाचे एक डच जादूगार होते. जादूगारांच्या जागतिक स्पर्धेतला सर्वोच्च किताब त्यांनी तीनदा मिळवला, १९५०, १९५५ आणि १९६१ साली. ९ फेब्रुवारी १९६४ ला बीटल्स अमेरिकेच्या टीव्हीवर पहिल्यांदा थेट गायले आणि सात कोटींहून जास्त लोकांनी ते पाहिलं. त्या कार्यक्रमात त्यांच्या पहिल्या गाण्यांनंतर लगेच पडद्यावर आले ते कॅप्स, पत्ते आणि मीठ घेऊन. ज्यांच्या हाताला जगात तोड नव्हती असं जाणकार म्हणत, त्यांच्याच नावाचं ‘कॅप्स वॉलेट’ आजही जादूगार वापरतात. अमेरिकेतले पॉल ल पॉल पत्त्यांच्या सफाईसाठी ओळखले जात, त्यांच्याही नावाचं पाकीट आहे. दोन्ही बाजूंनी उघडणारं एक प्रसिद्ध पाकीट आहे, त्याला नाव मिळालं रिचर्ड हिंबर यांचं. ते न्यूयॉर्कमध्ये स्वतःचा वाद्यवृंद चालवत आणि जादूही करत. अटलांटात स्वतःचा बार काढून तिथे रोज रात्री जादू करणारे टॉम मलिका, त्यांचंही पाकीट आहे. ही सगळी माणसं हातानं कच्ची होती म्हणून पाकिटाकडे वळली नाहीत. त्यांना एकच गोष्ट हवी होती: लोकांनी सही केलेला पत्ता अशा जागी सापडावा, जिथे तो असूच शकत नाही. पाकीट ही ती जागा. तिथपर्यंतचा सगळा रस्ता हातालाच काढावा लागतो, आणि तुझी गडबड झाली ती त्या रस्त्यावर. पत्ता आत कसा जातो ते मी इथे लिहिणार नाही. तुला ते येतं आणि बाकीच्या वाचकांना त्याची गंमत राहू दे.

आता तुझं ते वाक्य घेऊ. ‘हे बघा, अगदी साधं पाकीट आहे.’

तू किराणा दुकानात पैसे देताना दुकानदाराला असं सांगतोस का? रिक्षावाल्याला? आपण रोज चारचौघांत दहा वेळा पाकीट काढतो आणि त्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, कारण आपणही बघत नाही. तू ते वाक्य बोललास त्या क्षणी खोलीतल्या सगळ्यांना कळलं की या पाकिटात काहीतरी आहे. तुझ्या मावसभावाला दोष देऊ नकोस. त्याला पाकीट ओढायला तूच सांगितलंस, तोंडानं नाही इतकंच.

मी हे शिकले ते गिरगावात, माझ्या गुरुजींकडे. ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. मी त्यांच्याकडे शिकायला लागले तेव्हा बायका फारशा जादू शिकत नसत, आणि माझ्यापुढे एक खास अडचण होती: या प्रयोगातली बहुतेक पाकिटं कोटाच्या आतल्या खिशासाठी बनलेली, आणि माझ्या अंगावर पंजाबी ड्रेस. खिसाच नाही. गुरुजींनी त्यांचं जुनं तपकिरी पाकीट माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, महिनाभर यानं भाजी आण. प्रयोग एकही करायचा नाही. मी वैतागले. पण ऐकलं. त्या महिन्यात त्या पाकिटाच्या कडेला हळदीचा डाग पडला, आत लाँड्रीची पावती, दोन सुटी बटणं आणि आईचा पासपोर्ट फोटो जमा झाला. कातडं माझ्या पर्सच्या आकारात वाकलं. मग चाळीतल्या हळदीकुंकवाला मी पहिल्यांदा प्रयोग केला. समोर बसलेल्या बाईंनी त्याच सकाळी मला त्या पाकिटातून कोथिंबिरीचे पैसे देताना पाहिलं होतं. पाकिटाबद्दल मला एक शब्द बोलावा लागला नाही. पत्ता निघाला तेव्हा त्यांनी पाकिटाकडे पाहिलंच नाही, स्वतःच्या सहीकडे पाहत राहिल्या.

तर पहिलं काम हे. तीन महिने त्या पाकिटाला पाकीट म्हणून वापर. नोटा, लायसन्स, एटीएम कार्ड, बसचं तिकीट. फक्त फुगवू नकोस, फार भरलं की कप्पा नीट चालत नाही. प्रयोगाच्या दिवशी खेळ सुरू व्हायच्या बराच आधी, सगळ्यांदेखत, काहीतरी किरकोळ कामासाठी ते एकदा बाहेर काढ. लहान मुलाला आईस्क्रीमला पन्नास रुपये दे. झालं. साक्षीदार तयार झाला.

दुसरी गोष्ट वेळेची. तू लिहिलंयस, ‘पत्ता नाहीसा झाला. मी खिशातून पाकीट काढलं.’ तुझ्या पत्रात या दोन वाक्यांमध्ये जितकं अंतर आहे तितकंच प्रत्यक्षातही होतं, अशी मला शंका आहे. पत्ता गेला हे लोकांना कळलं आणि त्याच दमात तुझा हात खिशात गेला. मग शाळकरी पोरालाही कळतं की पत्ता हाताबरोबर गेला. तुझं काम अशा वेळी उरकायला हवं जेव्हा लोकांच्या लेखी अजून काही सुरूच झालेलं नाही, पत्ता मजेत कॅटमध्ये आहे. ते उरकलं की कॅट सही करणाऱ्याच्या हातात दे. पिसायला सांग. त्याला स्वतःलाच पत्ता शोधू दे. तो शोधतो, सापडत नाही, पुन्हा शोधतो, शेजारची बहीण कॅट हिसकावून घेते, ‘तुला बघता येत नाही’ म्हणते. हे सगळं होऊ दे. तू पाणी पी. तुझे दोन्ही हात एव्हाना केव्हाचे रिकामे आहेत आणि ते सगळ्यांना दिसताहेत. पाकीट त्यानंतर येतं, सावकाश, आणि शक्य असेल तर तुझ्या पाकिटाची घडण बघून चेन त्यालाच उघडू दे. ती चेन सरकण्याचा आवाज खोलीत ऐकू आला पाहिजे इतकी शांतता तिथे असायला हवी. नसेल तर घाई केलीस असं समज.

साखरपुड्यात लोक सतरंजीवर बसले होते का? तू ते लिहिलेलं नाहीस, पण बहुधा पोरं पुढे जमिनीवर आणि मोठी माणसं मागे खुर्च्यांवर असणार. ही मांडणी पत्त्यांच्या जादूला सगळ्यात अवघड. खुर्चीवरच्या माणसाला तळव्यातलं काही दिसत नाही, पण मांडी घालून बसलेली आठ वर्षांची मुलगी खालून थेट तुझ्या हाताच्या पोकळीत बघत असते. आरशात सराव करून हे कळत नाही, कारण आरसा तुझ्याच उंचीवरून बघतो. मोबाइल जमिनीवर टेकवून ठेव, कॅमेरा वर, आणि संपूर्ण प्रयोग रेकॉर्ड कर. पहिल्यांदा बघशील तेव्हा वाईट वाटेल. पुढच्या वेळी कमी वाटेल. आणि प्रयोगाआधी पोरांना उठवून बाजूला बसव, किंवा एकाला सरळ तुझा मदतनीस कर.

हाताचा सराव बसून करू नकोस. पत्ता तळव्यात ठेव आणि घरात वावर. दार उघड, चहाचा कप उचल, आईशी बोल, चपला घाल. अर्ध्या तासानं तुझा तुलाच विसर पडला की हातात पत्ता आहे, तर हात सैल झाला असं समज. नवशिक्याचा हात पत्त्यानं नाही, ताणानं पकडला जातो: अंगठा ताठ, बोटं चिकटलेली, आणि कोपर अंगाला दाबून धरलेलं.

शाईबद्दल एक गोष्ट सांगते, ती मला फार महाग पडली होती. एका गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात मी पुढे बसलेल्या एका बाईंकडून मार्करनं सही घेतली. पत्त्यांवर गुळगुळीत थर असतो, त्यावर शाई लगेच वाळत नाही, त्यातून भाद्रपदातली दमट हवा. मी घाई केली. पत्ता गेला, मी ऐटीत उजवा तळहात उघडा करून दाखवला, आणि तळव्यावर निळ्या शाईत, उलट्या अक्षरांत, ‘सुनंदा’. पहिल्या दोन रांगांनी ते वाचलं. तेव्हापासून मी सही झाली की पत्ता त्या माणसाच्याच हातात ठेवते आणि म्हणते, फुंकर घाला. तो फुंकर घालतो, शेजाऱ्याला दाखवतो, अक्षरावरून चेष्टा होते. शाई वाळते आणि पत्ता त्याचा होतो. सगळ्या प्रयोगात मला हीच जागा सर्वांत आवडते.

पावसाळ्यात पत्ते फुगतात, हे लक्षात ठेव. जून ते सप्टेंबर कॅट डब्यात बंद ठेव आणि प्रयोगाच्या दिवशी नवा उघड. तुझं पाकीट परदेशी मापाचं असेल तर ते साधारण ६३ बाय ८८ मिलिमीटरच्या पत्त्यासाठी बनलेलं असतं. आपल्याकडे बरेचदा त्याहून अरुंद, ५७-५८ मिलिमीटरचे पत्ते मिळतात. ते आत जातात, पण तिरके होऊन अडकू शकतात. कोणते वापरायचे ते एकदाच ठरव आणि पुढे बदलू नकोस.

‘बघू पाकीट’ असं कुणी म्हणालं तर काय करायचं, हे तू विचारलेलं नाहीस, पण विचारायचं तेच होतं. आधीचं सगळं जमलं तर शंभरातले नव्वद जण विचारत नाहीत. दहावा माणूस मात्र असतोच आणि नात्यातल्या कार्यक्रमात तो हमखास असतो. पत्ता निघाल्याबरोबर तो सही करणाऱ्याच्या हातात दे आणि त्याला म्हण, ‘ही सही तुमचीच ना? नीट बघा.’ सगळ्यांचे डोळे तिकडे जातात. तेवढ्या दोन-तीन सेकंदांत पाकीट तू खिशात ठेवतोस, जसं पैसे दिल्यावर ठेवतोस तसं. लपवल्यासारखं ठेवलंस तर गेलास. तरीही कुणी मागितलंच तर भांडू नकोस, नाकारायला कारणंही रचू नकोस. सरळ सांग, ‘नाही देत, त्यात माझी विद्या आहे.’ लोकांना हे उत्तर चालतं. गवयाला कुणी गळा उघडून दाखव म्हणत नाही. आणि ओढलंच, तर ओढलं. रहस्य बाहेर आलं तर म्हण, ‘हो, हातचलाखी आहे, आणि ती शिकायला मला दीड वर्ष लागलं.’ मग दुसरा प्रयोग कर, ज्याला नुसता कॅट लागतो. तुझ्या पत्रात मला सर्वांत जास्त लागलं ते हे की तू त्यानंतर खाली बसलास. तुझ्याकडे आणखी प्रयोग होते ना? पत्ता ओळखायचे दोन तर त्याच दिवशी करून झाले होते. एक प्रयोग उघडा पडला म्हणून माणूस उघडा पडत नाही.

बाबांचं बोलणं मनाला लावून घेऊ नकोस, पण त्यांचा मुद्दा पोकळ आहे असंही समजू नकोस. जे हात तुझ्या प्रयोगात चालतात तेच दिवाळीत तीन पत्तीच्या डावात चालले तर ती फसवणूकच, आणि तिला दुसरं नाव नाही. फरक एवढाच की तुझ्यासमोर बसलेल्यांना माहीत असतं की हा आपल्याला चकवणार आहे, आणि ते त्यासाठीच बसलेले असतात. हा करार पाळायचा तर पैशाच्या डावात पुन्हा कधी बसायचं नाही. एक रुपयाच्या पॉइंटलाही नाही. मी बसत नाही, माझे गुरुजी बसत नसत. बाबांना हे सांग. त्यांना तुझ्या बाजूला यायला कदाचित एवढंच पुरेल.

आता काकू.

निखिल, इथे तू चुकलास, आणि मावसभावासमोर जे झालं त्यापेक्षा ही चूक मोठी आहे. त्या बाईंनी तुझे दोन प्रयोग पाहिले, त्यांना वाटलं या मुलाला काहीतरी दिसतं, आणि दोन महिन्यांच्या काळजीनं त्या तुझ्याकडे आल्या. तू हसलास आणि ‘बघू’ म्हणालास. त्या ‘बघू’चा अर्थ त्यांनी काय घेतला असेल? त्या वाट बघत असतील. समज, पुढच्या भेटीत त्यांनी पुन्हा विचारलं आणि तू गमतीत ‘घरातच आहे’ किंवा ‘जवळच्याच माणसानं घेतली’ असं काही बोलून गेलास. संशय कुणावर जाईल? धुणंभांडी करणाऱ्या बाईवर, नाहीतर सुनेवर. एका शब्दावरून कुणाचं तरी काम जाईल, कुणाच्या तरी घरात कायमचा विस्तव पडेल. हे मी कल्पनेनं लिहीत नाही. माझ्या ओळखीच्या एका घरात असंच झालं होतं, आणि माळ पुढे कपाटाच्या मागे सापडली.

तू साताऱ्याचा आहेस. डॉ. नरेंद्र दाभोलकर तुझ्याच गावचे. लोकांच्या अशा भाबडेपणाचा धंदा होऊ नये यासाठी ते आयुष्यभर राबले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्या कायद्याचा तुझ्या पत्त्यांच्या खेळाशी संबंध नाही, त्याला घाबरायचं कारण नाही. अंगात दैवी शक्ती आहे असं भासवून माणसाला लुबाडणं, भीती घालणं, याविरुद्ध तो आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते स्वतःच हातचलाखीचे प्रयोग करतात आणि मग ते कसे केले तेही सांगतात. तू रहस्य सांगू नकोस, पण रहस्य आहे हे सांगायलाच हवं. मी दर कार्यक्रमाच्या सुरुवातीला एक वाक्य बोलते: ‘आता मी जे करणार आहे ती सगळी माझ्या हातांची करामत आहे, मंत्र-तंत्र मला येत नाही.’ त्यानं प्रयोगाची गंमत तसूभर कमी झालेली मी कधी पाहिली नाही. उलट लोक हातांकडे जास्त लक्ष देतात, आणि तरी चकतात.

काकूंकडे जा. फोन करू नकोस, घरी जा. त्यांना सांग, ‘काकू, मला काही दिसत नाही. तो पत्ता मी युक्तीनं ओळखला, ती शिकता येते. त्या दिवशी मी स्पष्ट बोलायला हवं होतं.’ मग विचार, माळ शेवटची कधी घातली होती, कुठल्या कार्यक्रमाला, परत आल्यावर पर्स कुठे ठेवली होती. त्यांच्याबरोबर बसून कपाट काढ. नाहीच सापडली तर पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला सोबत जा.

ते झाल्यावर, येत्या रविवारी, पाकिटाचं अस्तर शिवून घे. मशीनवर नको, जाड टाक्यानं कप्पा अडेल. बारीक सुईनं, कातड्याच्याच रंगाच्या दोऱ्यानं, हातानं. आणि चेन अडत असेल तर तिच्या दातांवरून शिसपेन्सिल दोन वेळा फिरव.

तुझी,
ताई